संडे स्कूलमध्ये ‘मी कसा आहे?’ शिकवताना : बारा रविवारांचा आराखडा

उपासना संपल्यावर पाळकसाहेब म्हणतात, “यंदा तुम्ही जरा मुलांचं बघा.” तुम्ही हो म्हणता आणि पुढच्या रविवारी आठ ते अकरा वर्षांची दहा-बारा मुलं समोर बसलेली असतात. नोहाचं तारू, दावीद-गल्याथ, पाच भाकरी आणि दोन मासे हे सगळं त्यांना पाठ असतं. अडतं ते दुसरीकडे. आपल्याला राग आलाय की हेवा वाटतोय हे त्यांना ओळखता येत नाही, चूक झाली तर ‘ही माझी’ म्हणता येत नाही, आणि आपल्यात चांगलं काय आहे हे विचारलं तर ती शेजारच्याला कोपर मारून हसतात. त्यासाठी हा आराखडा आहे. घरी एक-दोन मुलांना घेऊन बसणाऱ्या आईवडिलांनाही तो चालेल. वसईकडच्या पॅरिशमध्ये (कॅथलिक धर्मग्रामात) धर्मशिक्षण घेणाऱ्यांना प्रथम कम्युनियनच्या, म्हणजे पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद घेण्याच्या, तयारीत खालचे पाचवा आणि सहावा हे भाग (चूक आणि भरपाई) विशेष उपयोगी पडतील.

सगळ्यात महत्त्वाचा आहे क्रम. बरेच नवे शिक्षक ‘आपण सगळे पापी आहोत’ इथून सुरुवात करतात. वाक्य खरं आहे, पण नऊ वर्षांचं मूल ते ऐकून स्वतःकडे बघत नाही. ते लपतं किंवा शेजारच्याकडे बोट दाखवतं. बायबलही तिसऱ्या अध्यायापासून सुरू होत नाही. पहिल्या अध्यायात माणूस देवाच्या प्रतिरूपात घडतो आणि सगळं ‘फार चांगलं’ ठरतं; पाप त्यानंतर येतं. म्हणून आधी घडण, मग देणग्या, मग भावना, मग चूक, भरपाई आणि शेवटी सवय. हा क्रम मोडू नका.

१. वर्गाआधीची तयारी

जूनचा दुसरा रविवार धरा. शाळा त्याच सुमारास सुरू होतात, आणि बारा रविवार ऑगस्टअखेर पूर्ण होतात. पावसाचे एक-दोन रविवार बुडतील हे गृहीत धरा. दिवाळीनंतर सुरू केलंत तर नोव्हेंबरात नाताळच्या नाटकाच्या तालमी लागतात, मग वर्ग संपलाच म्हणून समजा.

वेळ पंचेचाळीस मिनिटं : गाणं पाच, गोष्ट दहा, प्रश्न आणि कृती वीस, वही पाच, प्रार्थना पाच. गाण्यासाठी ‘उपासना संगीत’ हे गीतांचं पुस्तक हाताशी असतंच, ना. वा. टिळकांची पदं मुलांना चालीसह पटकन येतात. बारा मुलांमागे दोन मोठी माणसं हवीत. कोणत्याही मोठ्या माणसाने एका मुलाबरोबर बंद खोलीत एकटं बसायचं नाही, दार उघडं ठेवायचं. शिक्षक पाळकांचा सख्खा भाऊ असला तरी नियम तोच.

लागणारं सामान :

- प्रत्येकी एक शंभर पानी वही, वर नाव, आत कोणी वाचायचं नाही हा ठराव
- शाईचा पॅड, एक भिंग, ओला फडका, साबण
- प्लॅस्टिकच्या चौकटीतला हातआरसा (बिनचौकटीचा नको, कडा कापतात)
- कोऱ्या चिठ्ठ्या, रंगीत खडू, दोरा
- बायबल. वर्गात वाचायला सोप्या मराठीतली प्रत घ्या, पाठांतराला मंडळीत (आपल्या चर्चमध्ये) वापरात असलेलीच

कागदपत्रं :

- पालकांच्या सहीचा प्रवेशअर्ज : जन्मतारीख, दोन फोन नंबर, ॲलर्जी किंवा औषधं, मुलाला न्यायला कोण येणार, फोटो काढायला हरकत आहे का
- हजेरीपट
- मुलाबद्दल काळजीची बाब आढळल्यास कोणाला सांगायचं, ते मंडळीच्या समितीने लेखी ठरवलेलं

शेजारपाजारची ख्रिस्ती नसलेली मुलंही मित्रांबरोबर येतात. येऊ द्या, पण त्यांच्या पालकांची लेखी संमती आधी घ्या आणि वर्गात काय शिकवतो ते त्यांना स्पष्ट सांगा. अशा मुलाला प्रार्थना म्हणायला लावायचं नाही, आणि इतर मुलं त्याला ‘तू अजून आमच्यातला नाहीस’ म्हणणार नाहीत इकडे लक्ष ठेवायचं.

२. रविवार पहिला आणि दुसरा : घडण

पाठ : उत्पत्ती १:२६-३१, स्तोत्र १३९:१३-१६.

कृती बोटांच्या ठशांची. पॅडवर बोट हलकं टेकवायचं आणि वहीत डावीकडून उजवीकडे एकदाच फिरवायचं. दाबलं की शाई पसरते आणि रेषा बुजतात, म्हणून पहिले दोन ठसे रद्दी कागदावर घ्या. मग भिंगातून बघू द्या. कुणाचं चक्र, कुणाचा शंख, कुणाची नुसती कमान. जुळ्या भावंडांचेही ठसे वेगळे असतात हे इथे सांगा. वर्गात जुळी असतील तर त्यांचेच शेजारी शेजारी लावा. ‘दहाही बोटांना चक्र असलं की माणूस राजा होतो’ असं कुणीतरी आजीकडून ऐकलेलं सांगणारच. त्यावर व्याख्यान झोडू नका. ‘ठसा तुझं भविष्य सांगत नाही, तू नकलेवर काढलेला नाहीस एवढंच सांगतो,’ इतकं पुरे.

दुसऱ्या रविवारी आरसा. मुलं पाळीपाळीने त्यात बघतात आणि वहीत एक वाक्य पूर्ण करतात : ‘देवाने मला घडवताना…’ इथे जपायला हवं. काळी, जाडी, बुटकी म्हणून चिडवली जाणारी मुलं प्रत्येक वर्गात असतात आणि आरसा त्यांना नकोसा होतो. बघायचं नसेल तर बघू नये, ही मुभा आधीच द्या. १ शमुवेल १६ ची गोष्ट नेमकी इथे उपयोगी पडते. इशाय आपली सात मुलं राजा निवडायला आलेल्या शमुवेल संदेष्ट्यापुढून नेतो, थोरला अलियाब उंचापुरा असतो, आणि निवड होते ती मेंढरांमागे गेलेल्या, बोलवायचंही राहून गेलेल्या धाकट्या दावीदाची. ‘बापालाही आठवला नाही तो मुलगा’ असं म्हणून थांबा. पुढचं मुलं बोलतात.

सापळा : कुठल्याही प्रश्नाला ‘येशू’, ‘प्रार्थना करावी’, ‘खरं बोलावं’ ही ठरलेली उत्तरं येतात. मुलांना वाटतं इथे हेच चालतं. ‘बरोबर’ म्हणून पुढे जाऊ नका. ‘हे काल घरी कसं दिसलं असतं?’ असा प्रश्न टाका.

३. तिसरा आणि चौथा : देणग्या

आपल्याकडे मंडळीत मुलाचा गुण म्हणजे गाणं, वचनांचं पाठांतर आणि स्टेजवर न घाबरता बोलणं. बाकीची मुलं स्वतःला बिनगुणाची समजतात. म्हणून दावीदाची वीणा बाजूला ठेवा आणि बसालेल घ्या (निर्गम ३१:१-५). निवासमंडपाचं, म्हणजे इस्राएल लोकांच्या उपासनेच्या तंबूचं, सोन्या-चांदीचं, पितळेचं, लाकडाचं काम करणारा कारागीर. देवाने त्याला आपल्या आत्म्याने भरलं ते प्रवचनासाठी नाही, हातांच्या कामासाठी. सायकलची चेन बसवणाऱ्या मुलाचा चेहरा इथे बघण्यासारखा होतो.

मग चिठ्ठ्या. प्रत्येक मूल आपल्या दोन्ही बाजूंच्या मुलांसाठी एकेक चिठ्ठी लिहितं, म्हणजे प्रत्येकाला दोन मिळतात आणि कोणी रिकामं राहत नाही. नियम एकच : विशेषण नको, पाहिलेलं लिहायचं. ‘ती छान आहे’ चालणार नाही. ‘लगोरीत हरली तरी तिने भांडण केलं नाही’ चालेल. वाटण्याआधी सगळ्या चिठ्ठ्या तुम्ही वाचा. एखादी टवाळीची निघतेच. ती बाजूला काढा आणि ज्याने लिहिली त्याला वर्ग सुटल्यावर दुसरी लिहायला लावा.

तुमच्या कौतुकालाही हाच नियम. ‘हुशार आहेस’ ऐकणारं मूल पुढे अवघड काम टाळायला लागतं, कारण नाही जमलं तर हुशारी गेली. १९९८ साली क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत हेच दिसलं : बुद्धीची स्तुती झालेली मुलं अपयश आल्यावर जास्त खचली, मेहनतीची स्तुती झालेली टिकून राहिली.

४. पाचवा ते सातवा : भावना

तीन रविवार का, असं समितीतले ज्येष्ठ विचारतील. कारण बऱ्याच घरांत ‘चांगली मुलं रागावत नाहीत’ एवढंच भावनांचं शिक्षण झालेलं असतं. त्यात ख्रिस्ती घराची भर म्हणजे ‘विश्वास असला की भीती वाटत नाही.’ मूल मग भीती लपवायला शिकतं.

आधी शब्द वाढवा. फळ्यावर ‘राग’ लिहा आणि त्याचे नातेवाईक विचारा : रुसवा, चीड, चिडचिड, संताप, तणतण, धुसफुस. मग ‘वाईट वाटणं’ घ्या : खट्टू होणं, हिरमुसणं, ओशाळणं, हुरहुर, हेवा, कानकोंडं होणं. पंधरा शब्द जमले की वहीत मागच्या आठवड्यातले तीन प्रसंग लिहायचे आणि प्रत्येकापुढे नेमका शब्द. ‘मला राग आला’ म्हणणारा मुलगा ‘नाही, मला हेवा वाटला, त्याला नवी बॅट आणली म्हणून’ इथवर आला, की धडा झाला.

या तिनांतल्या दुसऱ्या रविवारी स्तोत्रं १३ आणि ४२ शेजारी ठेवा. तेराव्यात गाऱ्हाणं थेट देवापाशी आहे : किती दिवस मला विसरणार? बेचाळिसाव्यात कवी स्वतःच्याच जिवाला विचारतो की तू इतका खिन्न का. स्वतःशी बोलण्याचा इतका स्वच्छ नमुना मुलांना दुसरीकडे सहज मिळत नाही. त्यांना स्वतःचं चार ओळींचं स्तोत्र लिहायला सांगा : काय झालं, काय वाटलं, देवाकडे काय मागतो, तरीही कशाचा भरवसा आहे. चौथी ओळ सुचली नाही तर कोरी ठेवू द्या. स्तोत्र ८८ अंधारातच संपतं, आणि तेही पवित्र शास्त्रात आहे.

तिसऱ्याला काइन आणि हाबेल हे भाऊ. नेहमी काइनाने केलेल्या खुनावर भर दिला जातो. तुम्ही उत्पत्ती ४:६-७ वर थांबा. काइन रागावलाय, तोंड उतरलंय, अजून काही घडलेलं नाही, आणि देव त्याला विचारतो की तू का संतापलास. पाप दाराशी टपलंय, त्याच्यावर ताबा ठेव. म्हणजे राग आणि हात उचलणं यांच्यामध्ये जागा आहे. मुलांना विचारा : तुमच्या अंगात राग आधी कुठे कळतो? कान तापतात, जबडा आवळतो, पोटात गोळा येतो, मूठ वळते. वहीत माणसाची बाह्यरेषा काढून तिथे लाल खडू फिरवायचा. ही खूण ज्याला ओळखता येते त्याला थांबायला दोन क्षण मिळतात.

सापळा : स्वभावाला पाप समजू नका. बुजरं मूल प्रेमात कमी पडत नाही. सतत चुळबुळणारं मूल आज्ञा मोडतंच असं नाही. चुळबुळ्याला सामान वाटायचं काम द्या. महिनाभर तसंच राहिलं आणि शाळेतूनही तेच ऐकू आलं, तर पालकांना बालरोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यायला सुचवा. ‘प्रार्थनेने बसेल’ असं सांगून वेळ घालवू नका.

५. आठवा आणि नववा : चूक

आता उत्पत्ती ३. इथे देव प्रश्न कसे विचारतो ते मुलांबरोबर मोजा. तू कुठे आहेस? तू नग्न आहेस हे तुला कोणी सांगितलं? त्या झाडाचं खाल्लंस का? हे तू काय केलंस? सगळं माहीत असलेला चार वेळा विचारतो आणि उत्तराची जागा ठेवतो. उत्तरंही वाचा : आदाम हव्वेकडे बोट दाखवतो, हव्वा सर्पाकडे. मुलं इथे खदाखदा हसतात, कारण घरी रोज हेच चालतं. शिक्षा होते, पण बाहेर घालवण्याआधी देव त्यांना चामड्याची वस्त्रं करून घालतो (३:२१). हे वचन हमखास गाळलं जातं. गाळू नका.

वर्गात तुमचीही पद्धत हीच हवी. ‘का केलंस?’ या प्रश्नाला मूल सबब रचतं. ‘काय झालं? मग काय झालं?’ असं विचारा. ‘तू खोटारडा आहेस’ म्हणालात की मुलाला बचाव करावा लागतो. ‘हे तू खोटं सांगितलंस’ म्हणालात तर ते दुरुस्त करायला वाव राहतो.

नवव्या रविवारी येशूचा शिष्य पेत्र. नाथान संदेष्टा दावीद राजाला त्याचं पाप दाखवतो ती गोष्ट जास्त धारदार आहे (२ शमुवेल १२), पण तिच्यामागचं प्रकरण दहा वर्षांखालच्या मुलांना झेपत नाही. येशूला धरून नेल्यावर पेत्र विस्तवापाशी शेकत तीनदा ‘मी त्याला ओळखत नाही’ म्हणतो. पुनरुत्थानानंतर सरोवराच्या काठी पुन्हा कोळशाचा विस्तव, पुन्हा तीन वेळा, आता येशूचा प्रश्न : माझ्यावर प्रीती करतोस का? (योहान १८ आणि २१.) दोन्ही विस्तव फळ्यावर काढा आणि प्रत्येकाभोवती तीन-तीन ठिपके. जोड मुलांना शोधू द्या.

वहीत स्वतःची एक चूक लिहायची, तीन ओळींत, दुसऱ्या कुणाचं नाव न घेता. वाचून दाखवायची नाही. हा नियम कडक पाळा. ‘कोण उभं राहून कबूल करील?’ असं विचारणारे उत्साही शिक्षक असतात. त्याने धीट मुलं टाळ्यांसाठी बारीकसं पाप सांगतात, आणि खरोखर काही सलत असलेलं मूल आणखी आत जातं. नरकाची भीती घालून कबुली काढणं तर नकोच. भीतीपोटी कबूल करणारं मूल स्वतःला ओळखत नाही, सुटका शोधत असतं.

आणि एक बाब, जिथे हयगय चालत नाही. चुकीबद्दल बोलताना एखादं मूल स्वतःवर झालेला अत्याचार सांगू शकतं, कधी तर तीच आपली चूक समजून. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन कधीही देऊ नका. ऐका, खोदून विचारू नका, ‘तू सांगितलंस ते बरं केलंस, ही चूक तुझी नाही’ म्हणा आणि त्याचे शब्द तसेच लिहून ठेवा. लैंगिक अत्याचाराचा संशय असेल तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं हा गुन्हा आहे. चाइल्डलाइनचा नंबर १०९८. मंडळीत ‘क्षमा करा, आपसात मिटवा’ म्हणणारं कोणी निघालं तर त्याचं ऐकू नका. क्षमेचा धडा अशा मुलाला शिकवायचा नसतो.

६. दहावा : भरपाई

‘सॉरी’ हा मुलांचा सर्वांत जलद शब्द. तो म्हटला की प्रकरण मिटलं असं त्यांना वाटतं, आणि मोठ्यांनीच तसं शिकवलेलं असतं. लेवीय ६:१-५ उघडा. ज्याने दुसऱ्याचं घेतलं त्याने ते पूर्ण परत करायचं, वर पाचवा हिस्सा द्यायचा, आणि तोही त्या माणसाच्या हातात. गणित फळ्यावर करा : दहा रुपये घेतले तर बारा परत. मग जक्कय हा जकातदार (लूक १९:८). तो चौपट म्हणतो, म्हणजे चाळीस. ‘बारा पुरत होते, मग चाळीस का?’ या प्रश्नावर दहा मिनिटं सहज जातात, जाऊ द्या.

मग चार वाक्यांची माफी, जोडीने म्हणून बघायची :

- मी काय केलं : ‘मी तुझं चित्र फाडलं.’
- तुला काय झालं : ‘तू ते दोन दिवस काढत होतास.’
- भरपाई : ‘माझ्याकडचा कार्डपेपर देतो, रंगवायला मदत करतो.’
- पुढे : ‘राग आला तर तुझ्या सामानाला हात लावणार नाही.’

पहिल्या वाक्यात ‘पण’ आला की पुन्हा पहिल्यापासून. आणि समोरच्याने लगेच ‘माफ केलं’ म्हटलंच पाहिजे अशी सक्ती करू नका. त्याला वेळ लागू शकतो.

७. अकरावा आणि बारावा : सवय

गलतीकरांस पत्र ५:२२-२३ मधलं आत्म्याचं फळ बहुतेक वर्गांत भिंतीवर असतं : नऊ फळांचा तक्ता, समोर मुलांची नावं आणि चांदण्या. तक्ता उतरवा. चांदणीसाठी केलेलं ममतेचं काम चांदणी बंद झाली की बंद होतं. शिवाय शीलाची चढाओढ लागली की परूशी, म्हणजे स्वतःला इतरांहून धार्मिक समजणारा, तयार होतो. लूक १८:९-१४ मधला परूशी प्रार्थनेत शेजाऱ्याशी स्वतःची तुलना करतो, तक्ता तेच शिकवतो.

नवांपैकी एकच निवडू द्या. ‘इंद्रियदमन’ मुलांना कळत नाही, ‘स्वतःला आवरणं’ म्हणा. मग ते जेव्हा-तेव्हाच्या साच्यात बसवायचं. ‘मी सहनशील होईन’ हे हवेत राहतं. ‘धाकट्याने माझा कंपास ओढला की मी हात मागे घेईन आणि आईला हाक मारीन’ हे करता येतं. ठिकाण, वेळ आणि समोरचा माणूस वाक्यात असायला हवा. नसेल तर वही परत द्या.

घरी रोज पाच मिनिटांची उजळणी. इग्नेशियस लोयोलांनी सोळाव्या शतकात दिवसाच्या परीक्षणाच्या पाच पायऱ्या घालून दिल्या : आभार, प्रकाशाची मागणी, दिवसाची पाहणी, पश्चात्ताप, उद्याचा निश्चय. मुलांसाठी तीन पुरतात. आज कशाबद्दल आभार? आज मी कुठे तोंड फिरवलं? उद्या काय वेगळं? आठ वर्षांखाली पहिला आणि तिसराच प्रश्न. उत्तर आधी मोठ्यांनी द्यायचं, स्वतःबद्दल. ‘आज मी ऑफिसचा राग तुझ्यावर काढला’ हे बाबांच्या तोंडून ऐकल्यावर मुलाला वेगळं शिकवावं लागत नाही. ही वेळ चौकशीची झाली, आई ‘आणि दुपारचं ते नाही सांगितलंस?’ म्हणाली, की दोन दिवसांत मूल झोपेचं सोंग घेतं. पालकांना बारावा रविवार येईपर्यंत ताटकळत ठेवू नका, चौथ्या रविवारानंतर अर्धा तास बोलावून हे समजावून सांगा.

८. झालं का, हे बघायचं कसं

परीक्षा नको, गुण नकोत. बारा रविवारांनंतर चार गोष्टी बघा. मूल स्वतःच्या तीन देणग्या न लाजता सांगतं का? ‘राग’ आणि ‘वाईट’ यांपलीकडचे शब्द वापरतं का? न सांगता चार वाक्यांची माफी मागितल्याचं एकदा तरी दिसलं का? आणि स्वतःचं चुकलं तेव्हा इतरांकडे बोट न दाखवता ‘ही माझी’ म्हटलं का? पालकांना एकच विचारा : घरी भांडण झाल्यावर आता काय वेगळं होतं? ‘काहीच नाही’ हे उत्तर बऱ्याच घरांतून येईल. त्यात अपयश मानू नका. शील बारा आठवड्यांत घडत नाही. पण सगळ्याच घरांतून तेच आलं तर बहुधा घरची उजळणी सुरूच झालेली नाही, तिथे परत जा.

वह्या मुलांच्या, त्या शेवटच्या दिवशी त्यांच्या हातात द्या. चर्चच्या कपाटात ठेवू नका, ‘साक्षीसाठी’ म्हणून कुणी मागितल्या तरी देऊ नका. पुढच्या वर्षी नवा शिक्षक आला तर त्याला हजेरीपट, अर्ज, ॲलर्जीची यादी आणि हा आराखडा द्या. कोणतं मूल काय बोललं होतं, ते सांगायचं नाही. अपवाद फक्त सुरक्षिततेच्या नोंदीचा, आणि ती नोंद समितीने नेमलेल्या माणसाकडेच राहते.